पाहुण्याला 'जा' कोण म्हणणार

सिकंदर आला तेव्हा माय दारात बसून लाखोरीची डाळ पाखडत होती. ट्रक फाटकातून उलटा आत येत होता, बाबा मागे चालत हाताने ड्रायव्हरला दिशा दाखवत होते, आणि ताडपत्रीखालून जो वास आला त्याने आमच्या दोन्ही बकऱ्या दावं तोडायला लागल्या. मायने सूप काही खाली ठेवलं नाही. तिने एवढंच विचारलं, "हा किती खाते जी?" बाबा म्हणाले, "सात-आठ किलो. रोज." माय म्हणाली, "अना काम काय करते?" बाबा ड्रायव्हरला थांबायची खूण करत म्हणाले, "काई नाई. सर्कशीत होता. आता रिटायर झाला." "बरं हाय बापा," माय म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. सिंहाशी आमच्या घराची ओळख झाली ती अशी.

आम्ही तेव्हा सालेकसाच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा प्राणी आश्रयकेंद्रात राहत होतो. बाबा आधी आमगावकडच्या आमच्या गावी कोंडवाडा सांभाळायचे. मोकाट गुरं पकडून आणायची, मालक येईपर्यंत त्यांना चारा-पाणी करायचं, हे काम. कोंडलेल्या जनावराच्या मनात काय चाललंय हे त्यांना कळतं असं कोणीतरी केंद्राच्या डॉक्टर मॅडमना सांगितलं आणि सिंह यायच्या दोन महिने आधी त्यांना इथे बोलावणं आलं. केंद्रात तेव्हा दोन अस्वलं, काही चितळं, एक लंगडा तरस आणि पंख मोडलेला मोर एवढाच संसार होता. राहायला दोन खोल्या मिळाल्या, वर कौलं, मागे हातपंप. रेल्वेलाइन जंगलापलीकडे होती. गाडी दिसायची नाही, शिटी मात्र ऐकू यायची, आणि मालगाडी गेली की फळीवरची जर्मनची ताटं बारीक आवाज करायची. माझी बारावी झाली होती. पुढे काय हे कोणी विचारत नव्हतं आणि मीही सांगत नव्हते. मायला चुलीपाशी मदत करायची, बाबांना झाडलोटीत. जेवण म्हणजे भात, लाखोरीची डाळ, अंबाडीची भाजी, बाजाराच्या दिवशी सुकट. कोणी पाहुणा आला तर तांदळाच्या पिठाचे आयते. माझी काही तक्रार नव्हती. तक्रार करायला दुसरं काही बघितलेलं असावं लागतं.

सिकंदरची कोठी आमच्या मागच्या दारापासून पन्नास पावलांवर होती. एका बाजूला गज, गजांबाहेर आम्ही चालायचो ती अरुंद वाट. समोरच्या भिंतीत साखळीने वर ओढायचं लोखंडी दार, आणि दारापलीकडे तारेच्या उंच कुंपणात चांगलं दोन एकराचं मोकळं आवार. त्यात मोहाची तीन झाडं, एक पाण्याचं टाकं आणि मधोमध एक सपाट काळा खडक. हे आवार त्याच्यासाठीच केलं होतं. पहिल्या सकाळी बाबांनी मोठ्या हौसेने साखळी ओढली, दार वर गेलं, ऊन आत आलं. सिकंदर उठला, उंबऱ्यापर्यंत गेला, आणि थांबला. पुढचे पाय बरोब्बर उंबऱ्याच्या आत. थोडा वेळ त्याने बाहेर बघितलं, मग मागे फिरून कोपऱ्यात जाऊन पडला. बाबा म्हणाले, नवीन जागा आहे, भीत असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

डॉक्टर मॅडमनी त्याला पहिल्याच आठवड्यात भूल देऊन तपासला होता. त्यांचं बोलणं पुण्याकडचं, स्वच्छ आणि कमी. त्यांनी बाबांना आणि मला गजांजवळ उभं करून सांगितलं की या सिंहाचं आयुष्य हातभर पिंजऱ्यात गेलंय, मागच्या पायांत ताकद राहिलेली नाही, कमरेवर चट्टे पडलेत. त्याला ऊन हवं आणि चालणं हवं. "पंधरा दिवस बघू," त्या म्हणाल्या. "तोवर तो चालायला लागला नाही तर मागचा भाग पूर्ण जाईल. मग त्याला असा पडून कुजू द्यायचा नाही. मग एक इंजेक्शन." त्या ते सरळ बोलल्या म्हणून मला त्या आवडल्या. बाबांनी मान हलवली.

मग जे जे सुचेल ते केलं. मांस उंबऱ्याबाहेर ठेवून बघितलं. दोन दिवस तो उपाशी राहिला, लाळ गळत होती, पण पाय बाहेर टाकला नाही. मॅडम म्हणाल्या, यापुढे उपाशी ठेवणं परवडणार नाही. बाबांनी कोंडवाड्यातल्या सवयीने "हट, हट" म्हणून बघितलं, तर तो भिंतीला असा चिकटला की भिंत मागे सरकली असती तर बरं झालं असतं असं वाटावं. ते बंद केलं. मग बाबा रोज सकाळी दार उघडून कुंपणाच्या बाहेरून, आवाराच्या पलीकडे उभे राहून बोलवायचे, "ये बापा, सिकंदर, ये." तो ऐकायचा. कान त्यांच्याकडे वळायचे. उंबऱ्यापर्यंत यायचा, तिथे त्याची पुढची पावलं थरथरायची, आणि परत. पुढे पुढे तो उंबऱ्यापर्यंतही येईना. गजांपाशी माणूस आला की तेवढा उठायचा आणि तोंड गजांना लावून उभा राहायचा. कशाची तरी वाट बघितल्यासारखा. मालगाडीची शिटी झाली की मात्र झटक्यात उठायचा. सर्कस रेल्वेने फिरायची, त्याला वाटत असेल आता मुक्काम हलणार.

इथे आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा. आमच्या घरात देव्हारा नव्हता, नवस नव्हते, उपास नव्हते. आजोबांच्या पिढीतच ते सगळं सोडून आमचं घर बुद्धाकडे वळलं होतं, आणि मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्याला माय भर रस्त्यात हसायची. पण एक गोष्ट तिने सोडली नव्हती. कोणालाही 'जा' म्हणायचं नाही. मला दुकानात पाठवायचं तर "जाऊन ये". बाबा कामाला निघाले की "येजा जी". पाहुणा उठला की "येजो". बकऱ्या चरायला सोडतानाही तिचं "या गं माय लवकर" चालायचं. मी एकदा म्हटलं, "माय, हे अंधश्रद्धाच होय ना वो?" ती म्हणाली, "अंधश्रद्धा नोहे. जा म्हनलं का मानसाले वाटते, आता आपलं इथं काई काम नाई. कोनाले असं वाटू द्यू नये." बाबांनाही तेच वळण लागलं होतं. बरी झालेली चितळं जंगलात सोडतानाही ते ट्रकचा फाळका पाडून "या बापा हो" म्हणायचे, आणि मॅडम हसायच्या, की अहो, परत येऊ नयेत म्हणून तर सोडतोय ना.

सिकंदरला माय 'पावना' म्हणायची. सकाळी पंपावर पाणी भरता भरता विचारायची, "पावना उठला का जी? गेला का बाहेर?" बाबा म्हणायचे, "नाई." ती म्हणायची, "लाजून राह्यला. नव्या जावयासारखं." पण बाराव्या दिवशी सिकंदर मांसासाठीसुद्धा पहिल्या झटक्यात उठला नाही. मागचे पाय दोनदा घसरले. त्या दिवशी मायने चौकशी केली नाही आणि बाबा अर्ध्या ताटावरून उठले. भात तसाच राहिला. आमच्या घरात भात टाकत नाहीत. तो मी बकऱ्यांना घातला तेव्हा मला कळलं की प्रकरण हाताबाहेर चाललंय.

तेराव्या दिवशी मांसाची गाडी आली नाही. बाबा सकाळीच गोंदियाला गेले आणि जाताना मला सांगून गेले, "दार उघडून देजो, त्याले जाऊन ये म्हनजो, अना कोठी धुवून घेजो." तोवर मी कोठी कधी एकटीने धुतली नव्हती. दार उघडलं, "जाऊन ये" म्हटलं. तो उठून गजांपाशी आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी पुन्हा म्हटलं, "जाऊन ये." तो तसाच. रात्रभरचं मूत त्याच्याखाली साचलेलं, कमरेचे चट्टे ओले, माश्या बसलेल्या. माझ्या एका हातात पाण्याचा पाइप, दुसऱ्या हातात फिनाइलचा डबा, आणि तो मध्ये. मला त्याची दया वगैरे आली नव्हती. मला जमीन धुवायची होती आणि तो वाटेत होता. बकरी वाटेत आली की माणूस जसं ओरडतो तशी मी ओरडले. पाइपाचा हात उघड्या दाराकडे करून म्हणाले, "जा ना बे! जा तिकडं!"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो वळला, मागची कंबर एका बाजूला टाकत दारापर्यंत गेला, आणि उंबरा ओलांडून सरळ उन्हात निघून गेला. उंबऱ्यावर तो थांबला देखील नाही.

डॉक्टर मॅडम आवाराच्या कुंपणाबाहेर तरसाचं औषध कालवत होत्या. त्यांनी हात वर करून मला खूण केली, हलू नकोस. आम्ही दोघी दोन बाजूंना, तो मध्ये. तो गवताकडे, झाडांकडे, पाण्याकडे बघतही नव्हता. सरळ त्या सपाट खडकाकडे गेला. चढायचा प्रयत्न केला, घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा पोचला. वर जाऊन ताठ बसला, तोंड कोठीच्या दाराकडे केलं, आणि पुढचा उजवा पंजा उचलून धरला.

"अगं," मॅडम कुंपणापलीकडून हळूच म्हणाल्या, "हा रिंगणात आलाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सर्कशीत पिंजऱ्यातून रिंगणात सोडताना मागून कोणीतरी त्याला 'जा' म्हणत असणार. हिंदीत म्हणा, मराठीत म्हणा, शब्द तोच. तो कानावर पडल्याशिवाय दार ओलांडलं की मार. तेरा दिवस दार उघडं होतं, आणि तेरा दिवस आम्ही सगळे मिळून त्याला ये, ये म्हणत होतो. म्हणून तो बिचारा येत होता, उंबऱ्यापर्यंत, नाहीतर गजांपर्यंत. हुकूम पाळत होता आणि मरत होता. आमच्या घरची चांगुलपणाची रीत त्याच्या जिवावर उठली होती.

पण आता तो खडकावर होता आणि पंजा हवेत होता. खाली उतरवायचा शब्द आम्हाला माहीत नव्हता. मॅडमनी "बस", "बैठ", "चल", असं काय काय म्हणून बघितलं. त्याचा पंजा थरथरायला लागला, मग मागचे पाय. आमच्यापैकी कोणी टाळी वाजवली असती तर कदाचित सुटला असता, पण ते आम्हाला नको होतं. ऊन चढलं. शेवटी त्याच्याच्याने होईना. पंजा खाली आला, पुढचे पाय घसरले, आणि तो खडकावर पसरला. पसरल्या पसरल्या त्याने मान वळवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मार कोणीकडून येतो ते तो बघत होता. मी पाइप खाली टाकला आणि दोन पावलं मागे गेले. मॅडमही मागे सरल्या. कोणी आलं नाही. बराच वेळ त्याचे कान ताठ होते, मग एक पडला, मग दुसरा. दुपारी बाबा मांस घेऊन आले तेव्हा तो तिथेच, उन्हात, तोंड उघडं टाकून झोपला होता. बाबांनी हातातलं ओझं खाली ठेवलं आणि कुंपणाच्या तारेला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मेला तर नाई ना जी हा?" मॅडम म्हणाल्या, "घोरतोय. ऐका."

घरी मात्र माझी आरती झाली. बाबांनी सगळं कौतुकाने सांगितलं आणि माय ऐकता ऐकता चुलीपासून उठली. "पावन्याले जा म्हनलीस?" मी म्हटलं, "माय, तेच तर तो मागत होता." "अना बे? बे म्हनलीस सिंहाले? कोनाची पोरगी म्हनतील लोकं?" बाबा हसले तर ती त्यांच्यावर उलटली. "हासू नका जी. उद्यापासून काय रोज जा म्हनान त्याले?" बाबा म्हणाले, "म्हनाच लागन." माय म्हणाली, "मंग मी आहो ना."

ती काय करणार ते दुसऱ्या दिवशी कळलं. बाबांनी दार उघडून, जीभ जड करत, "जा" म्हटलं. सिकंदर उंबरा ओलांडणार एवढ्यात पंपावरून मायचा खणखणीत आवाज आला, "येजो रे बापा!" तो तिथेच गरकन वळून परत आत. बाबांनी पुन्हा "जा" म्हटलं, पंपावरून पुन्हा "येजो!" सिंह उंबऱ्यावर उभा राहून एकदा बाबांकडे आणि एकदा पंपाकडे बघत होता. संसारी माणसाची होते तशी त्याची गत झाली होती. शेवटी डॉक्टर मॅडम स्वतः पंपावर गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मावशी, तुमचं येजो मनातल्या मनात म्हणा." तेव्हापासून बाबा 'जा' म्हणाले की माय तोंडाला पदर लावायची. पदराआडून ओठ हलताना मी रोज बघितलेत.

पाय सुधारायला चार-पाच महिने गेले. आधी तो रोज खडकावर जाऊन बसायचा आणि पंजा उचलायचा. आम्ही ठरवलं होतं की तेव्हा कोणी त्याच्याकडे बघायचं नाही. बघणारे नसले की खेळ कसला? बाबा पाठ करून विडी ओढायचे, मी झाडत राहायचे. हळूहळू पंजा कमी वेळ वर राहायला लागला. मोहफुलं पडायच्या दिवसांत तो पहिल्यांदा खडक सोडून झाडाखाली गेला, फुलांत तोंड घालून शिंकला. पावसाळ्यात टाक्याजवळच्या चिखलात लोळला, आणि कोठीत आला तेव्हा आयाळीतून एवढा चिखल निघाला की मला धुवायला अर्धी सकाळ लागली. मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. याच दिवसांत मॅडम मला म्हणाल्या, "तू रडत नाहीस आणि काम अर्धं सोडत नाहीस. जनावरांच्या दवाखान्यात अशीच माणसं लागतात. डिप्लोमा कर." फॉर्म त्यांनीच आणून दिला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "विचारून कायले राह्यली? भर ना."

आज माझी पस्तीस-चाळीस खेड्यांत ये-जा असते. अडलेल्या गाई सोडवते, बकऱ्यांना लस देते, आणि लोक मला 'जनावरांची बाई' म्हणतात. मला हे नाव आवडतं. पण मी जेव्हा जेव्हा एखाद्या न उठणाऱ्या बैलापुढे उभी राहते, आणि मालक म्हणतो की सगळं करून झालं, तेव्हा मी आधी हे विचारते की याला आजवर काय काय म्हणून उठवलंय. लोकांना हा प्रश्न वेडगळ वाटतो. दहातल्या दोन वेळा त्याचा उपयोग होतो. त्या दोन वेळांसाठी मी त्या म्हाताऱ्या सिंहाची, माझ्या बापाची, मॅडमची आणि मायच्या त्या आडमुठ्या चांगुलपणाची ऋणी आहे. मायने आम्हाला 'ये' म्हणायला शिकवलं नसतं तर चूक झाली नसती, हे खरं. पण चूक झाली नसती तर मी त्या सकाळी कोठीपाशी पाइप घेऊन ओरडत उभीही राहिले नसते. सिकंदर त्यानंतर तीन-चार वर्षं जगला आणि म्हातारपणाने गेला. त्याला इंजेक्शनची गरज पडली नाही.

त्याची शेवटची सकाळ मी बघितलेली नाही, तेव्हा मी शिकायला बाहेर होते. मला आठवते ती त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. रोज दिवस मावळायच्या आधी बाबा बादली वाजवायचे, "ये सिकंदर" म्हणायचे, आणि तो उठून आत यायचा. कधी चुकला नव्हता. सकाळच्या 'जा'ची गरज एव्हाना संपली होती. दार वर गेलं की तो आपणहून निघायचा. पण संध्याकाळचं 'ये' तो हुकमासारखंच पाळायचा. त्या दिवशी तो मोहाखाली कुशीवर पडला होता. बाबांनी बादली वाजवली. त्याने एक डोळा उघडला. "ये बापा." त्याने डोळा मिटला. बाबांनी पुन्हा बादली वाजवली, जोरात. सिकंदरने मान उचलली, आमच्याकडे नीट बघितलं, जांभई दिली, आणि उठून दुसऱ्या बाजूला तोंड करून पुन्हा पडला. शेपटीचा गोंडा तेवढा दोनदा जमिनीवर आपटला.

मॅडम जीपमध्ये बसायच्या बेतात होत्या, त्या परत आल्या. "काय झालं? बरं नाही का त्याला? भूल द्यायची बंदूक आणू?"

बाबा कुंपणाला टेकून उभे होते. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं, माझ्या बारावीच्या निकालालाही नाही.

"कायले जी बंदूक," ते म्हणाले. "काई झालं नाई त्याले. तो नाई म्हनून राह्यला."